भट्टीसमोर बसलेलं घर

पंख्याच्या नळाला बसवायचा जोड कटिंगच्या टेबलावर ठेवला होता आणि त्याच्या पोटावर फोड आला होता. चांगला टरारून आलेला. थोरल्याने तो अंगठ्याने दाबला. कट्‌कन आवाज झाला आणि पापुद्रा आत गेला.

“झालं समाधान?” तो म्हणाला.

टेबलाच्या पलीकडच्या टोकाला त्याची बहीण, मधली, उभी होती. फुटलेल्या फोडात बोट घालून तिने आतला थर चाचपला. वरून कडक, आतून चिकट. पुन्हा तेच.

सुट्टीचा दिवस होता, यंत्रं बंद होती आणि परगावी शिकणारा धाकटा सोडून अख्खं घर कारखान्यात गोळा झालं होतं. मोठे निर्णय इथेच घ्यायचे ही आजोबांनी घालून दिलेली पद्धत. घरी वाद पेटला की कुणीही उठून दुसऱ्या खोलीत जाऊन कडी लावून घेऊ शकतं. इथे रागारागाने निघायचं म्हटलं तरी पत्र्याच्या चळतींमधून अंग चोरत जावं लागतं, आणि तेवढ्यात राग निम्म्यावर येतो. बाबा त्यांच्या खुर्चीत होते. त्यांची थोरली बहीण, म्हणजे आत्या, पुठ्ठ्याच्या खोक्यावर उशी ठेवून बसली होती. थोरला उभा होता आणि त्याच्या मागे अर्धं पाऊल सोडून वहिनी. टेबलावर फोड आलेला जोड आणि कारखान्याच्या विक्रीचे कागद अगदी शेजारी शेजारी होते. थोरल्याने ते मुद्दाम तसे ठेवले होते. माल कसा मांडावा हे त्याला कुणी शिकवायला नको.

“उद्या सकाळी घेणाऱ्यांची माणसं येणार,” तो म्हणाला. “जागा घेतील, गिऱ्हाईकं घेतील. भट्टी मोडीत काढतील. बाबा, तुम्ही आज सही केलीत तर उद्या त्यांच्यासमोर आपण ताठ मानेने बसू. नाहीतर हा फोड त्यांच्या हातात देऊन बसावं लागेल.”

“आणि आमचं काय करतील?” आत्याने विचारलं. “आम्हाला पण मोडीत?”

“तुला कोण हात लावतंय आत्या, तू तर हिस्सेदार.”

“म्हणून तर विचारतेय. हिस्सा नसता तर मला खोक्यावर तरी कोणी बसवलं असतं?”

मधलीने मनातल्या मनात जमाखर्च मांडला. थोरला विकण्याच्या बाजूने. वहिनी थोरल्याच्या बाजूने, निदान त्याच्या पाठीशी. बाबा मघापासून फोडाकडेच बघत होते, तेव्हा त्यांना फोडाच्या खात्यात टाकायला हरकत नव्हती. आत्या नेहमीप्रमाणे ज्या बाजूला तिची विचारपूस जास्त होईल तिथे. आणि मधलीच्या बाजूने मधली. शिल्लक काही राहत नव्हती.

तसं पाहिलं तर काम साधंच होतं. पंखा आणि हवा वाहून नेणारा पत्र्याचा नळ यांच्यामध्ये एक मऊ पट्टा बसवतात, पंख्याची थरथर नळात जाऊ नये म्हणून. हा पट्टा म्हणजे जोड. आजोबांनी तो कॅनव्हासचा केला, बाबांनी रबराचा, आणि दोन पिढ्या त्यावर जगल्या. मग मोठ्या इमारती बांधणारे विचारू लागले, आग लागली आणि पंख्याला गरम धूर बाहेर ओढावा लागला तर तुमचा जोड काय करतो? थोरला त्यावर बरंच काही बोलायचा. खरं उत्तर एवढंच होतं, की सगळ्यांच्या आधी जळतो.

मधली रसायनशास्त्र शिकून परत आली ती हा प्रश्न घेऊनच बसली. काचेच्या धाग्याच्या कापडावर लावायचं आणि भट्टीत मुरवायचं असं एक रेझिन तिने तयार केलं. मुरलं की ते चामड्यासारखं लवचिक व्हायचं आणि ज्वाळेवर धरलं तरी जागचं हलायचं नाही. मागच्या छोट्या खोलीत, छोट्या भट्टीत, तळहाताएवढे तुकडे दर वेळी पास. पण पूर्ण मापाचा जोड हॉलमधल्या मोठ्या भट्टीत गेला, की फोड.

“तुझं रेझिन छोट्या मापात शहाणं आणि मोठ्या मापात खुळं,” थोरला म्हणाला.

“रेझिनला माप कळत नाही, दादा.”

“मग त्याला काय कळतं ते तरी सांग. गेले सहा महिने गिऱ्हाईकांना मी ‘येतोय, येतोय’ करतोय. तू प्रयोग करतेस, शिव्या मी खातो.”

यात खोटं काही नव्हतं. वहिनीला मधलीची दया आली असावी. ती हळूच म्हणाली, “पण खरंच गं, काल दुपारी तर इतका छान दिसत होता. असा गुळगुळीत, चमकदार. मला वाटलं या वेळी जमलं.”

“काल दुपारी?” मधलीने मान वर केली. “काल दुपारी तो भट्टीत होता.”

“हो, भट्टीतच.”

“वहिनी, तू दार उघडलंस?”

“उघडलं म्हणजे... एवढंसं.” वहिनीने अंगठा आणि तर्जनी यांच्यात जेमतेम फट दाखवली. “बघितलं आणि लगेच लावलं.”

“घ्या!” थोरला गरकन वळला. “तुला कुणी सांगितलं होतं नसते उद्योग करायला?”

“तिच्यावर कशाला ओरडतोस?” खोक्यावरून आवाज आला. “मी पण बघितला.”

“आत्या, तू?”

“मग काय झालं? माझ्या बापाची भट्टी आहे. जाता येता आत डोकावायचं, वास घ्यायचा, मग पुढे जायचं. आम्ही लहान होतो तेव्हापासून हेच करतोय. रबर बिघडलं का कधी?”

नव्हतं बिघडलं. रबर सोशिक होतं. या घरातली माणसं स्वयंपाकघरात शिरली की आधी भांड्यावरचं झाकण उचलतात, मग काय शिजतंय ते विचारतात. भट्टीशीही त्यांचं तसंच. मोठी भट्टी हॉलच्या मधोमध, सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर. छोटी भट्टी मात्र मागच्या खोलीत, आणि त्या खोलीची किल्ली मधलीच्या ओढणीच्या टोकाला.

मधलीने ओढणीच्या टोकाची किल्ली चाचपली. मग ती वडिलांकडे वळली.

“बाबा?”

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “मी सकाळी बघतो. संध्याकाळी एकदा. मालकाने बघू नये का?”

आता सगळे थोरल्याकडे बघू लागले. तो खिशात काहीतरी शोधू लागला, जे खिशात नव्हतं.

“अहो,” वहिनी म्हणाली.

“मला काय पडलंय त्या जोडाचं?”

“अहो.”

“बघितला!” तो एकदम फिस्कारला. “दर वेळी बघितला. जमतोय का ते बघत होतो. गिऱ्हाईकाला तोंड मला दाखवायचं असतं ना!”

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणी हसलं नाही. विकायला निघालेला माणूस रोज चोरून जोड पाहून जात होता, हे ऐकून त्याची बायकोही त्याच्याकडे नव्याने पाहायला लागली.

“ऐका,” मधली म्हणाली. तिचा आवाज वर गेला नाही, उलट खाली आला, आणि तो खाली आला की ती मागे हटत नाही हे आईविना तिला वाढवणाऱ्या आत्याला चांगलं ठाऊक होतं. “दार उघडलं की आतलं टेंपरेचर पडतं. ते भरून काढायला हीटर पूर्ण जोरात चालू होतो. अर्धवट मुरलेल्या रेझिनला वरून एकदम चटका बसतो. वरचा थर आधी धरतो, आतली वाफ अडकते आणि फोड येतो. कुणाचं वाईट करायचं मनात नव्हतं. सगळ्यांनी प्रेमाने बघितलं, आणि बघून बघून वाट लावली.”

“म्हणजे खापर आमच्यावर,” थोरला म्हणाला.

“आज दुसरा जोड लावते. कापून, घडी घालून तयार आहे. दुपारपर्यंत मुरेल, मग बंद दारातच निवेल. तोवर सगळ्यांनी इथेच बसायचं, माझ्या डोळ्यांसमोर. नंतर त्याला गरम हवेच्या पाइपवर चढवू. बर्नरचा नॉब दादाच्या हातात. इमारतवाले मागतात त्या टेंपरेचरला टिकला तर कागदावर सही नाही.”

“आणि नाही टिकला तर?”

“तर पहिली सही माझी.”

बाबांनी मान वर केली. तिचा हिस्सा लहान होता, पण तो आजोबांनी तिच्या हातात दिला होता आणि तो सोडणं म्हणजे काय हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. त्यानंतर या हॉलमध्ये येण्याचं तिला काही कारणच उरलं नसतं.

“लाव,” बाबा म्हणाले.

जोड आत गेला. दार बंद झालं. मधलीने एक स्टूल ओढलं आणि दाराला पाठ लावता येईल इतक्या जवळ बसली.

मग सुरू झालं वाट बघणं, आणि हे घर वाट बघताना जे करतं ते. आत्याने आधी स्वतःचे गुडघे, मग बाबांचं पथ्य, मग शेजारणीचं घर असे विषय घेतले. थोरला फेऱ्या मारत होता. फेरी मारता मारता तो सहज बोलून गेला, “कागद तर सगळे तयारच आहेत. पेटंटचा अर्जसुद्धा भरून ठेवलाय. विक्रीबरोबर तोही देऊ, तेवढंच वजन वाढेल.”

“अर्जावर नाव कुणाचं?” मधलीने विचारलं.

“बाबांचं आणि माझं. मालक म्हणून.”

“शोध लावणाऱ्याच्या जागेवर?”

“आता तिथे कुणाचं तरी लिहावंच लागतं ना!”

“रेझिन हिचं,” वहिनी म्हणाली. ती अजून नवऱ्याच्या मागेच उभी होती. “आणि घडी?”

थोरला थांबला. “कसली घडी?”

“कोपऱ्याची. आधी तुम्ही कोपरे शिवत होता. कापड टिकायचं आणि दोरा जळायचा. बिनशिवणीची घडी मी घालून दाखवली. कडा दुहेरी दुमडायची आणि पत्र्याच्या पट्टीत दाबून बसवायची. बॅगांच्या दुकानात बेतायला बसायचे तेव्हा असेच कोपरे करायचे मी.”

“अगं, ती काय... ती तू सहज दाखवलीस.”

“सहज दाखवली म्हणून तुमची झाली?”

आत्याने उशी सारखी केली. असल्या क्षणी ती पुढे वाकून बसते. “बरोबर आहे तिचं,” ती म्हणाली. “आमच्या बापाने पहिला जोड केला तेव्हा कॅनव्हास आमच्या आईने कापला होता. बाहेरच्या पाटीवर तिचं नाव दिसतं का कुठे?”

“ताई, आता ते कशाला,” बाबा पुटपुटले.

“आता नाही तर कधी? मी मेल्यावर? माझं मत हवंय ना दोघांना? मग ऐका. जोड विका नाहीतर ठेवा, पण अर्जात त्या जागेवर या दोघींची नावं नसतील तर माझी सही कुठल्याच कागदावर मिळणार नाही.”

थोरल्याने वडिलांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, “नावं बदल.”

“बाबा, अहो, सगळं टाइप करून झालंय...”

“पुन्हा कर. तुझी बोटं झिजत नाहीत.”

वहिनीने कोपऱ्यातलं दुसरं स्टूल उचललं. नवऱ्याला वळसा घालून ती पलीकडे गेली आणि मधलीच्या शेजारी, भट्टीच्या दाराला पाठ लावून बसली. हात मांडीवर ठेवले. मधलीने मनातल्या जमाखर्चात एक ओळ खोडून दुसरीकडे लिहिली.

वास आला तो त्यानंतर. आधी थोडा, मग नाकात शिरणारा, करपल्याचा.

“जळतंय,” आत्या म्हणाली.

“नाही जळत.”

“मला कळत नाही का जळकट वास? अगं, बघ तरी एकदा!”

“मधले, धूर आहे!” थोरला झपाट्याने पुढे आला. दाराच्या वरच्या कडेतून खरंच धुराची एक बारीक रेघ निघत होती. “आत पेटलं असेल तर भट्टी पण जाईल. हो बाजूला.”

“थांब.”

“थांब काय थांब! बाबा, सांगा हिला!”

बाबा उठून उभे राहिले होते. त्यांचा हात, त्यांना न विचारताच, दाराच्या मुठीच्या दिशेने निघाला होता. आयुष्यभर याच वाटेने गेलेला हात.

आत काय होतंय ते मधलीला ठाऊक नव्हतं. खरोखर ठाऊक नव्हतं. रेझिनचा वास असा नसतो एवढंच तिला ठाऊक होतं. मग हा कशाचा, हे सांगता येत नव्हतं. दार उघडलं असतं तर लगेच कळलं असतं, आणि कळून काही उरलं नसतं. तिने मान वळवून टेंपरेचरच्या काट्याकडे पाहिलं. काटा शांत होता. आत काही पेटलं असतं तर तो वर पळाला असता.

“बाबा, काटा बघा,” ती म्हणाली. “नाकाचं ऐकू नका, काट्याचं ऐका.”

“पन्नास वर्षं मी नाकाचंच ऐकलंय.”

“ते रबर होतं.”

बाबांनी काट्याकडे पाहिलं. मग खाली वाकून, गुडघ्यावर हात टेकून, भट्टीच्या बुडाशी नाक नेलं. पुन्हा हुंगलं. आणि अगदी अनपेक्षितपणे त्यांच्या चेहऱ्यावर ओशाळं हसू आलं.

“रबरच आहे,” ते म्हणाले. “तळाला जुना थर साचलाय. इतका वेळ दार बंद ठेवून ही कधी चाललीच नव्हती, म्हणून कधी जळला नाही.”

“म्हणजे उघडायचं नाही ना?” आत्याने खात्री करून घेतली.

“उघडायचं नाही,” बाबा म्हणाले आणि आपली खुर्ची ओढून तेही दोघींच्या रांगेत बसले. तोंड थोरल्याकडे, पाठ भट्टीकडे. आता कुणाला दार उघडायचं असतं तर तिघांना उचलावं लागलं असतं.

जेवणाचे डबे तिथेच उघडले गेले. धूर निवळला. भट्टी बंद झाली, आणि मग नुसत्या निवण्याची वाट बघायची होती, जी सगळ्यात कठीण. थोरला एका चळतीवर बसून पेन्सिलने पत्र्यावर रेघोट्या ओढत होता. मध्येच म्हणाला, “तुला काय वाटतं, मला विकायची हौस आहे?”

“नाही,” मधली म्हणाली.

“मागच्या महिन्यात एका साहेबाने मला दारातच उभं ठेवलं. म्हणाला, तुमचे जोड जळतात, तुम्ही पुन्हा येऊ नका. काय बोलणार? खरंच जळतात.”

“मला सांगितलं नाहीस.”

“तुला सांगून फोड गेला असता?”

वहिनीने डब्यातलं उरलेलं त्याच्याकडे सरकवलं. त्याने घेतलं.

दार उघडलं तेव्हा कुणीही पुढे सरसावलं नाही. तेवढं तरी शिकले होते. मधलीने हातमोजे घालून जोड बाहेर काढला, टेबलावर ठेवला आणि उजेडात फिरवला. गुळगुळीत. एका कोपऱ्याजवळ एक बारीकशी सुरकुती, बाकी काही नाही.

“सुरकुती माझी,” वहिनी म्हणाली. “घडी थोडी ओढली गेली.”

“सुरकुतीने काही होत नाही,” थोरला म्हणाला. “चढवा.”

मागच्या भिंतीशी दोन पत्र्याचे नळ समोरासमोर बसवलेले होते, एकाच्या मागे पंखा, पंख्यापुढे गॅसचा बर्नर. मधल्या रिकाम्या जागेत दोघी नणंद-भावजयींनी जोड बसवला, पट्ट्या आवळल्या. थोरला नॉबपाशी उभा राहिला. पंखा सुरू झाला, बर्नर भडकला, नळ कुरकुरू लागला. रबराचा जोड इथे चहा पिऊन होईपर्यंतही टिकत नसे. आधी ओघळायचा, मग काळा, मग भोक.

काटा चढत गेला. इमारतवाल्यांनी सांगितलेल्या आकड्याला पोचला. जोड फुगला, हवेच्या दाबाने थोडा थरथरला आणि तसाच राहिला. रंग गडद झाला. धूर नाही, भोक नाही. कोपरे जागच्या जागी. ठरलेला वेळ झाला.

“दादा, बंद कर,” मधली म्हणाली.

थोरल्याने बंद केला नाही. नॉब आणखी फिरवला.

“दादा! आकडा झालाय!”

“दिसतोय मला आकडा.” त्याची नजर जोडावर होती, कपाळावरून घाम ओघळत होता. “अजून बघू दे.”

“फुटला तर?”

“फुटला तर माझं नाव टाक त्या अर्जावर, फोडणारा म्हणून.” त्याने नॉब पार शेवटपर्यंत फिरवला. बर्नर गर्जला. नळाचा पत्रा निळसर झाला. आत्या खोक्यासकट मागे सरकली. बाबा सरकले नाहीत. जोड फुगून उभा होता, हट्टी मुलाने गाल फुगवावेत तसा, आणि काहीही सोडत नव्हता. शेवटी बर्नरच फुसफुसला, ज्वाळा पिवळी पडली, विझली. सिलिंडर संपला होता.

पंख्याचा आवाज तेवढा उरला. मग तोही थांबला.

थोरल्याने हात पँटला पुसले, टेबलापाशी गेला, विक्रीचे कागद उचलले आणि घडी घालून खिशात टाकले. कुणाशी काही न बोलता फोन लावला.

“नमस्कार साहेब. सुट्टीच्या दिवशी त्रास देतोय. उद्या येताय ना? या, नक्की या. कागदासाठी नको, माल बघायला या. ... नाही, नाही, किमतीवरून अडलेलं नाही. विकायचं नाहीये. ... आगीचा जोड. हो, पूर्ण मापाचा. ... आमच्याच घरात केला, बहिणीने आणि बायकोने.” तो जरा थांबला, पलीकडचं ऐकलं, मग फोनवर तळवा ठेवून मधलीकडे वळला. “विचारतायत, किती टेंपरेचरला जातो?”

मधलीने काट्याकडे पाहिलं. वहिनीने मधलीकडे.

“सांग, माहीत नाही,” मधली म्हणाली. “आमचा बर्नर आधी दमला.”

थोरल्याने तळवा काढला आणि, आयुष्यभर आकड्याला दोन आकडे जोडून सांगणाऱ्या त्या माणसाने, एक अक्षरही न वाढवता ते तसंच्या तसं सांगितलं.